रिकामी वाटी

जेवणाचा नळ बंद पडून तीन दिवस झाले होते. शरयूने सवयीने तोटी फिरवली, पण आतून नुसती हवा फुसफुसली.

अठरा मजल्यांच्या त्या इमारतीत कोणाच्याच घरी धान्याचे डबे उरले नव्हते. नळाला तिन्ही वेळा गरम लापशी येत असताना साठवण करणाऱ्याला लोक हसायचे. म्हणून शरयूने आपली साठवण कोणाला कळू दिली नव्हती. पलंगाखाली पोहे, चणे आणि गूळ होता. दोघांना चार महिने पुरेल एवढं.

"शेजारच्या हेमांगीची वाटी परत केलीस ना?" शरयूच्या नवऱ्याने, अवधूतने, दबक्या आवाजात विचारलं. "मागायला आली तर उगाच दार उघडावं लागेल."

"सकाळीच दिली."

"रिकामी?"

"रिकामी कशी देणार कोणाची वाटी?" शरयू बोलून गेली. वाटी धुऊन पुसल्यावर तिच्या हातांनी आपोआप आत मूठभर पोहे घातले होते.

अवधूतने दाराची वरची कडी लावली, मग खालची.

तेवढ्यात बेल वाजली. शरयूने दाराच्या भिंगातून पाहिलं. हेमांगी तीच वाटी घेऊन उभी होती. तिच्यामागे जिन्यावर सगळ्या मजल्यांवरची माणसं दाटीने उभी होती. पुढच्या प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी वाटी होती.

मागच्यांनी पातेली आणली होती.