शेफिकाकाकूंचं ताट

बायकोमुलांना मी आधीच बेलग्रेडला धाडलं होतं. निघताना शेजारच्या शेफिकाकाकूंकडे चावी दिली. "आठवडाभर बहिणीकडे जातोय. कुंड्यांना पाणी घालाल ना?" "घालीन की." मग दबक्या आवाजात काकू म्हणाल्या, "आमचा मुलगा एनेस शाळेच्या तळघरात बंदुका जमवतोय. तुझ्यापासून लपवायची लाज वाटते रे." मी वाकून बुटांची नाडी बांधली. त्यांनी खिम्याचं गरम बुरेक तांब्याच्या ताटात बांधून दिलं. "ताट रिकामं परत आणू नकोस हं." तासाभरात मी सारायेव्होवरच्या डोंगरात होतो. तिथे आम्हा सर्बांच्या तोफा आठवड्यापासून शहराकडे तोंड करून उभ्या होत्या. दुर्बिणीतून माझी गॅलरी दिसली. काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. तोफेवरच्यांनी बुरेक वाटून घेतलं. "झकास झालंय," बोटं चाटत कप्तान म्हणाला. "कोणी केलं?" ताटाच्या काठावर कोरलेलं काकूंचं मुसलमानी नाव अंगठ्याने झाकत मी म्हणालो, "आईने."