अडलेली गोष्ट

"माझी किडनी घ्या, पण बापूंना वाचवा," शैलजा डॉक्टर मुलाणींना म्हणाली. आधीच्या दवाखान्यात तिच्या वडिलांना डायलिसिस सांगितलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवले. शैलजाला बाहेर बसवून त्यांनी पडदा ओढला आणि बापूंचं ओटीपोट हलकेच दाबून पाहिलं. ते टम्म फुगलं होतं.

"बापू, लघवीला त्रास होतो?"

तालमीत उभं आयुष्य काढलेला तो माणूस भिंतीकडे बघत पुटपुटला, "वरीस झालं. थेंब थेंब व्हतीया. लेकीला कसं सांगू?"

"मला सांगितलंत ना, बास झालं."

प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली होती आणि तिचाच दाब किडन्यांवर येत होता. नळी घालून लघवी मोकळी केली, पुढे ऑपरेशनही झालं. किडन्या हळूहळू सावरल्या. डायलिसिसची गरजच पडली नाही.

"थोडी इजा राहील, पण तुमची किडनी तुमच्याकडेच ठेवा," डॉक्टर हसले.

शैलजा त्यांच्या पाया पडायला वाकली. डॉक्टरांनी तिला अडवलं.

"पाया बापूंच्या पडा. सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं. ते बोलले."