दोन नंबर मोठे

सरांनी ऋजुताचा अनवाणी पाय कोऱ्या कागदावर ठेवला आणि पेन्सिलीने कडेकडेने माप काढलं. "स्पीड स्केटिंगचा बूट पायाला कातडीसारखा बसायला हवा. बोटं पुढे जेमतेम टेकावीत, टाच अजिबात हलू नये."

"वाढता पाय आहे हो, सर," मी म्हणाले. "दोन नंबर मोठेच घेऊ, दोन वर्षं चालतील. पुढे कापूस कोंबला की झालं." तिचा गणवेश, रेनकोट, सगळं मी असंच वाढत्या अंगाचं घ्यायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे.

"ताई, हे शाळेचे बूट नाहीत," सर म्हणाले. मी ऐकलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ऋजुता म्हणाली, "आई, वळताना टाच आतल्या आत उचलली जाते."

"लेस घट्ट आवळ," मी म्हणाले.

जिल्हा स्पर्धेत शेवटच्या वळणावर बूट एकीकडे गेला आणि आतला पाय दुसरीकडे. डाव्या घोट्याची दोन ऑपरेशनं झाली. तो घोटा आता वाकत नाही.

दोन वर्षांनी, काल, माळा आवरताना ते बूट सापडले. मी लपवायच्या आत तिने उजवा ओढून घेतला, पिवळा पडलेला कापूस उपसला आणि पाय आत घातला. बोटं टेकली. टाच हलली नाही.

"बघ आई," ती म्हणाली, "तुझा अंदाज चुकला नव्हता. अगदी मापात बसतोय."