निळा पडदा

बादलीतलं पाणी उन्हानेच कोमट झालं होतं. धाकटी स्टुलावर चढली, साबणाचं ओलं फडकं काचेच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एका दमात फिरवलं आणि मग रबराची पट्टी लावून पाणी खाली ओढायला लागली. ती खाली पोचेपर्यंत वरचा साबण वाळून गेला. काचेवर पांढरे पट्टे उठले, पण बाहेरून तिला ते दिसलेच नाहीत.

दिसले ते आतून. आत, त्याच खिडकीला लागून, तिचे थोरले दीर बसत. ते या ऑफिसचे हेडक्लार्क. इमारतीला खिडक्या शहाऐंशी, पण नशीब असं की मॅनेजरबाईंनी नमुना म्हणून बोट ठेवलं ते नेमकं याच खिडकीवर. चार वाजता ही एक काच स्वच्छ दिसली, तर दर महिन्याला सगळी इमारत धाकटीची. नाही दिसली, तर तिचा धंदा बारशाआधीच आटोपला. बाकी कुणी तिला दारात उभंही केलं नव्हतं.

भाऊजींनी सकाळीच बजावून ठेवलं होतं. येतेस तर ये, पण तिथे मला भाऊजी म्हणायचं नाही, ओळख दाखवायची नाही. हेडक्लार्कच्या घरची सून रस्त्यात स्टूल टाकून लोकांच्या काचा पुसते हे ऑफिसात कळलं, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तिने मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?

आता ते बाहेर आले. आजूबाजूला कुणी नाही हे आधी पाहून घेतलं आणि मग शिपायाला झापावं तसे, पण हळू आवाजात बोलले.

"आत येऊन बघ एकदा. नुसते पट्टे आणि ओघळ. घरचा आरसा पुसता आला म्हणजे धंदा होत नाही. एवढ्या मोठ्या ऑफिसात तुला कोण पुसतंय?"

धाकटीच्या हातात ओलं फडकं होतं, कोपरापासून पाणी ठिबकत होतं, आणि हा माणूस तिलाच विचारत होता, कोण पुसतंय. खरं तर हसू यायला हवं होतं. आला तो राग, तोही चांगला सणसणीत.

आरशाचं मात्र खरं होतं. कपाटाच्या उभ्या आरशावर पंधरा दिवस तिने सराव केला होता. रोज साबण लावायची, रोज ओढायची. आरसा झिजेल गं, असं जाऊबाईंचं म्हणून झालं होतं. नवऱ्याने दाढीपुरता तरी सोड म्हणून हात जोडले होते. तिने कुणाचंच मनावर घेतलं नव्हतं.

भाऊजी आत गेले आणि त्यांनी खिडकीचा पडदा खर्रकन ओढून घेतला. जाड, गडद निळा पडदा. ती कुणाला दिसायला नको, आणि आपल्यालाही नको.

पडदा ओढला गेला आणि काचेत धाकटी उभी राहिली. घामेजलेली, कपाळाला फेस लागलेली, अख्खी. मागे उजळ खोली होती तोवर काच नुसती काच होती. निळा पडदा आला आणि तिचा आरसा झाला. एकेक पट्टा, एकेक ओघळ, कोपऱ्यात अडकलेला थेंबसुद्धा उघडा पडला. आरसा तर तिला पाठ होता.

चूकही तिथेच कळली. घरातल्या थंड खोलीत सगळा आरसा एकदम भिजवला तरी चालतं, उन्हात ते चालत नाही. तिने अर्धं पाणी ओतून दिलं, नळाचं गार पाणी घेतलं, साबणाचे दोनच थेंब टाकले. मग हातभर जागा भिजवायची, लगेच ओढायची, पट्टीचं रबर कमरेच्या कोरड्या फडक्याला टिपायचं, की पुढची हातभर.

"आता वाळवून दाखव," ती उन्हाला म्हणाली.

चार वाजता पडदा सरकला. आत मॅनेजरबाई उभ्या होत्या. त्या काहीतरी विचारत होत्या आणि भाऊजी मान खाली घालून उत्तर देत होते. खिडकी उघडीच आहे की काय म्हणून बाईंनी बोट पुढे केलं. ते मध्येच अडलं. बाईंनी काचेकडे पाहिलं, मग बोटाकडे, आणि त्याच बोटाने धाकटीला आत बोलावलं.

कामाचा कागद भाऊजींच्याच टेबलावर होता. बाकी सगळं छापील, फक्त धंद्याच्या नावाची जागा कोरी. बाईंनी नाव विचारलं. धाकटीने त्याचा विचारच केला नव्हता. शहाऐंशी खिडक्या तिने मनात दहादा पुसून काढल्या होत्या, नाव ठेवायचं तेवढं राहून गेलं होतं. भाऊजी पेन उघडून बसले होते आणि अनोळखी माणसासारखे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"'कोण पुसतंय'," ती म्हणाली.

बाईंना हसू आलं. नाव झकास आहे, सुचवलं कुणी, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या भाऊजींनी." धाकटी सरळ त्यांच्याकडे वळली. "लिहा ना, भाऊजी. तुमचेच शब्द आहेत."

टेबलाटेबलावरच्या माना वर झाल्या. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन कागदावर थोडा वेळ तसंच टेकून राहिलं, मग चालू लागलं. अक्षर त्यांचं मोत्यासारखं, हे मात्र मान्य करायला हवं.