सासूबाईंचे कान

हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम होतं. सासूबाईंनी एकदाही बटण दाबलं नाही.

आईसाठी कानाचं मशीन घ्यायचं मुलाने ठरवलं होतं. त्याआधी तपासणी हवी, म्हणून कान तपासणाऱ्या बाई लॅपटॉप घेऊन घरी आल्या होत्या. मुलगा कामावर गेलेला, सून मागे कपडे वाळत घालत होती.

तपासणी ब्राउझरवर चालायची. ती संपता संपता नेट गेलं.

"गेलं वाटतं," सासूबाईंचा हेडफोन काढून घेताना बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

"मग सगळं पुसलं का?" सासूबाईंनी विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

पुसलं नाही, बाईंनी हळूच सांगितलं. निकालाचा मसुदा लॅपटॉपमध्येच राहतो, नेट आलं की दवाखान्यात पाठवायचा. पण आता हा निकाल पाठवला तर ते खोटं होईल. तपासणी पुन्हा करावी लागेल.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी सांगूनच टाकलं. मागे एकदा सर्दीने त्यांच्या कानांना खरोखरच दडे बसले होते. तेव्हा सून त्यांच्याशेजारी बसून भाजी निवडता निवडता बोलायला लागली. माहेरचं, नवऱ्याचं, पोटातच गेलेल्या बाळाचं. भिंतीशी बोलावं तसं. पुढे सर्दी गेली, कान मोकळे झाले, पण ते घरात सांगणं सासूबाईंच्या जिवावर आलं.

"माझ्याबद्दलही बोलते. त्यातलं काही खरंच असतं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतं हे कळलं तर पोर लाजेने अर्धी होईल. पुन्हा कुणापाशी तोंड उघडायची नाही."

खोटं काही बाईंना पाठवता येणार नव्हतं. पण तपासणीच नको म्हणायचा हक्क सासूबाईंना होता, आणि मसुदा अजून कुठे गेलेला नव्हता. त्यांनी नको म्हटलं. बाईंनी त्यांच्यादेखत तो पुसून टाकला.

निघताना सून त्यांना सोडायला दारापर्यंत आली. आजी नको म्हणाल्या, म्हणून तपासणी झाली नाही, एवढंच बाईंनी तिला सांगितलं.

सून त्यांच्या मागोमाग बाहेर आली. तिने आपल्यामागे दार ओढून घेतलं.

"बरं झालं, ताई," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येतं, हे मला कधीचंच माहीत आहे. नाहीतर एवढं सगळं मी कुणाला सांगितलं असतं?"