मोटेच्या बैलांनी उचललेलं इंजिन

सांगून कुणाला पटायचं नाही, पण त्रेचाळीस साली आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन दुरुस्तीसाठी मोटेच्या बैलांनी उचललं. मोटेचं चाक लिंबाला टांगलं, मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, इंजिनाला बांधला. इंजिन अधांतरी झालं, माझा धाकटा भाऊ हंबीरराव खाली वाकला, तोच बैल सवयीनं मागं सरकायला लागले, जणू रिकामी मोट विहिरीत सोडायचीय! त्याच्या डोक्यात आणि इंजिनात वीतभर अंतर उरलं. "दादा, मेलो रं!"

मग काय, पाच मणांचं इंजिन मी एका हातानं नाडा धरून रोखलं. दुसऱ्या हातातली चहाची बशी सांडली नाही गड्या!

इतका वेळ जोंधळा पाखडत माझी गोष्ट ऐकणाऱ्या आमच्या कारभारणीनं, शालूबाईनं सूप ठेवलं आणि तीन बोटांचा हात सगळ्यांपुढं धरला.

"आवं, नाडा तुमी धरला, तर माझी दोन बोटं चाकात कशी गेली?"