भोपळ्याची बियर

वैजूनं बाटली उघडली तशी बायकोनं पदर नाकाला लावला. आमची ही लेक पुण्यात बियर बनवते. थंडीपुरती निघणारी भोपळ्याची, मसाल्याची काळी बियर पहिल्यांदा आबांनीच, म्हणजे मीच चाखायची, असा तिचा हट्ट.

“एकच घोट,” बायकोनं मला बजावलं.

चव झकास होती. पण तसं म्हटलं असतं तर बाटली तिथंच बंद झाली असती. “दालचिनी जास्त वाटते,” मी म्हणालो. “नीट कळायला अजून थोडी ओत.” दुसऱ्या घोटाला मी जायफळावर शंका घेतली. तिसऱ्याला मला भोपळाच सापडेना. वैजूचा चेहरा पडला.

“आणा इकडं,” बायको म्हणाली. “जन्मभर भोपळ्याचे घारगे मी केले. मी सांगते.”

तिनं चमचाभर घेतली आणि डोळे मिटले. मग चमचा ठेवून माझा पेलाच उचलला. पेला संपला, तेव्हा उरलेली बाटली तिनं स्वतःच ओतून घेतली.

शेवटी पदरानं ओठ पुसून ती लेकीला म्हणाली, “झकास झालीय गं. पण पुढच्या वेळी यांना विचारू नकोस. यांना चवीतलं काही कळत नाही.”